सुतळीचं दुसरं टोक

रेणापूरच्या पोस्टातले एक कारकून मान खाली घालूनच बोलायचे. गेल्या वर्षी त्यांनी एका शर्यतीत नाव घातल्याचं सांगितलं: देणगी भरून आपापल्या गावात धावायचं, मॅनाटी वाचवण्यासाठी. मी हसलो. "पाण्यातली गाय हाय. लई गरीब जनावर," ते म्हणाले.

दुष्काळानं कोरड्या पडलेल्या तलावात, इस्त्रीच्या शर्टावर नंबर टाचून ते एकटेच धावले. शेवटी सुतळी धरायला मला उभं केलं. दुसरं टोक बाभळीला बांधलं. छातीनं सुतळी तोडून म्हणाले, "हाव, आता झाली शर्यत."

यंदाही त्यांनी बोलावलं होतं. मी कंटाळा केला. संध्याकाळी तलावात गेलो, तर तुटलेल्या सुतळीची दोन्ही टोकं बाभळींना बांधलेली होती.