आत्याला स्कॅनर कुणी शिकवला

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. छत्रीबागेतल्या तिच्या शेजारच्या काकू बोलत होत्या... सकाळी चहा ठेवला, खुर्चीत बसली, आणि बसूनच राहिली. मोबाईलवर तिचा शेवटचा कॉल कधीचा, ते मी शोधायला लागलो. खाली खाली जात राहिलो. पाच महिने तिनं मला फोनच केला नव्हता, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

सुमनआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, चाळीस वर्षं परदेशीपुऱ्यातल्या एका शाळेत शिकवत होती. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर तिनं माझ्याकडून एक छोटा स्कॅनर मागून घेतला. फूटपट्टीएवढा लांब, एका बाजूनं कागद सरकवला की त्याचं चित्र वायफायनं टॅब्लेटवर उतरतं. मी नवा घेतला होता; जुना ऑफिसातली मुलंच चालवायची, तो तिला दिला. कशाला हवा, हे विचारलं नाही. मग तिचे फोन सुरू झाले. "अवि, सुन ना, ते मशीन परत अटकलं. टॅब्लेट म्हणतो इंटरनेट नाही." मी घाईघाईत काहीतरी सांगायचो, बंद करून चालू कर म्हणायचो, रविवारी येतो म्हणायचो. गेलो एकदाही नाही.

शेवटी दिवाळीत तीच सगळं सामान घेऊन माझ्या घरी आली. चार मित्र बसले होते. तिनं टॅब्लेट पुढे केला आणि मी हसत हसत म्हणालो, "आत्या, चाळीस वर्षं शिकवलंस खरं, पण शिकणं आता तुझ्याच्यानं व्हायचं नाही. सोड ना." मित्र हसले. तीही हसली. चकलीची तारीफ केली, चहा घेतला आणि रिक्शा करून निघून गेली... मी तिला खालीपर्यंत सोडायलाही गेलो नाही.

तेराव्याला कमलाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई भेटायला आल्या. त्यांचे यजमान कापडाच्या मिलमध्ये कामाला होते. आत्या दर गुरुवारी परदेशीपुऱ्यात जायची, घरोघरी बसून बायकांचे जुने कागद स्कॅन करून द्यायची, हे मला त्यांच्याकडून कळलं. यजमानांचा एकुलता एक फोटो मिलच्या ओळखपत्रावर होता. पुढे ते ओळखपत्र वाळवीनं खाल्लं. आत्यानं आधीच स्कॅन केलेला फोटो मोठा करून आता त्यांच्या भिंतीवर लावला आहे. सांगता सांगता त्यांनी माझा हात धरला. "आप ही अवि भिया हो ना? दीदी सबको बोलती थीं, ये मशीन मेरे भतीजे ने सिखाई."

खोली भरलेली होती. सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मी नाही म्हणू शकलो असतो. मी होकाराची मान हलवली.

गेल्या आठवड्यात तिचं घर आवरायला गेलो. टॅब्लेट खिडकीजवळच्या टेबलावर होता, स्कॅनर शेजारी. चालू करून बघितला, मलाही जमेना. टॅब्लेट सारखा घरच्या वायफायवर उडी मारत होता. टेबलाच्या खणात तिची वही सापडली. फळ्यावर लिहावं तशा मोठ्या, सरळ अक्षरात तिनं एकटीनं चुकत चुकत शोधलेलं सगळं लिहून ठेवलं होतं. आधी स्कॅनर चालू करावा. घरचं वायफाय बंद करावं. मग स्कॅनरचं वायफाय निवडावं. इंटरनेट नाही असं येईल, घाबरू नये, ते तसंच असतं. एवढी एक गोष्ट मी तिला फोनवर सांगू शकलो असतो... मला माहीत असती तर.

पानाच्या तळाशी आणखी एक ओळ होती. "अडलं तर अविला फोन करू नये. त्याला कामं असतात."

तिच्या खुर्चीत बसून मी ती ओळ कितीदा वाचली कोण जाणे. कमलाबाईंना खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. गुरुवारी त्यांच्याकडे जाणार आहे, वही बरोबर नेणार आहे.