बाई असतानाच लिहिलेला लेख

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? — कोण जाणे. आता छातीत मावत नाही, एवढंच.

मी सांगलीची. शाळेत शिकवते, कादंबऱ्या लिहिते. रोज सकाळी आठला माझी एक पोस्ट असते, न चुकता. लोक म्हणतात, रेहाना, शाळा-घर सांभाळून तुला वेळ कसा गं मिळतो? मिळत नाही हो! रविवारी दुपारी बसून आठवड्याच्या सगळ्या पोस्ट मी लिहून ठेवते, वार आणि वेळ लावून. कुणाचा वाढदिवस, कुणाचं नवं पुस्तक, कुणाला पुरस्कार. कुणाला विसरून चालत नाही. आपण विसरलो की लोकही आपल्याला विसरतात — ही धास्ती कायम मानगुटीवर बसलेली.

आणि — कसं सांगू — त्यात काही श्रद्धांजलीचे लेखही असायचे. अजून न गेलेल्यांवरचे. थकलेले, आजारी लेखक. बातमी आली की तासाभरात आपला लेख पडला पाहिजे, नाहीतर वाचतंय कोण? शी! लिहितानाही लाज वाटते. त्यातला एक लेख बाईंवर होता.

बाई म्हणजे इस्लामपूरच्या शाळेतल्या माझ्या मराठीच्या बाई. माझी पहिली गोष्ट त्यांनी स्वतःच्या अक्षरात उतरवून दिवाळी अंकाला धाडली होती. मी लेखिका झाले ती त्यांच्यामुळं. त्यांनी लग्न केलं नाही, भावजयीपाशी राहायच्या. दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. फोन करायच्या, "ये की गं एकदा." मी म्हणायची, येते बाई, नक्की. सांगली ते इस्लामपूर अंतर ते किती — एस.टी.नं तास-सव्वा तास. मी गेले नाही. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. रविवार पोस्टमध्ये जायचा.

पण लेखाला शेवट हवा होता ना? मग मी लिहिलं — गेल्या महिन्यात बाईंना भेटून आले, त्यांनी माझा हात हातात घेतला, म्हणाल्या, "रेहाना, तू माझं नाव राखलंस." सगळं मनचं. आणि लिहिताना मला रडू आलं! काय म्हणावं मला?

एका रविवारी, घाईघाईत, कुणा कवीच्या वाढदिवसाऐवजी सोमवारी आठला तो लेख लागला. मी वर्गावर, फोन पर्समध्ये. मधल्या सुट्टीत बघते तर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा ढीग पडलेला. तेवढ्यात वहिनींचा, म्हणजे बाईंच्या भावजयीचा, फोन. "आवं, ह्ये काय लिवलंय तुमी? बाई हाईत की! च्या पीत पडल्यात. आन् दारात मानसं हार घिऊन हुबी हाईत!"

मी माफी मागितली? छे. ठोकून दिलं — अकाउंट हॅक झालं, बाईंवरचा माझा गौरवलेख कुणीतरी खोडसाळपणानं श्रद्धांजली म्हणून टाकला. लोकांना पटलं. उलट माझीच कीव केली. ती भेट खोटी आहे, हे माझ्याशिवाय जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "वहिनीकडून वाचून घेतला लेख. बरा लिहिलायस. सकाळी आलेली माणसं विचारत होती, रेहाना येऊन गेली म्हणे? मी म्हटलं, हो, आली होती." मग म्हणाल्या, "आता येऊन जा बाळ. या वयात मला खोटं पाडू नकोस."

सांगा मला — एवढं ऐकून कुणी गेल्याशिवाय राहील? मी राहिले. कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणत एक रविवार गेला, दुसरा गेला, तिसराही. सातव्या आठवड्यात बाई गेल्या. खरोखरच्या. आणि मी तोच लेख पुन्हा टाकला. तासाभरात. शेवट बदलायला कितीसा वेळ लागला असता? नाही बदलला. वाचून रडू आलं, असं किती जणांनी कळवलं.

दहाव्याला मात्र गेले. वहिनी मला बाईंच्या खोलीत घेऊन गेल्या. कॉटवरची गादी काढलेली होती. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काडीचा संशय नव्हता. म्हणाल्या, "तुमी आलता तवा मी बाजारला गेलते म्हनं. बाई सारकं सांगायच्या, रेहाना आलती, रेहाना आलती. च्या तरी मिळाला का वो तुमास्नी? त्यास्नी तर उठवत न्हवतं."

तेव्हा तरी बोलता आलं असतं. खोलीत आम्ही दोघीच होतो. दारही लोटलेलं होतं.

मी म्हटलं, "बाई विचारत होत्या. मीच नको म्हटलं."