मथुराक्कांच्या विहिरीतली हळद

दुसऱ्याचं काम अंगावर ओढून घ्यायची मालोजींना भारी हौस. कुणाचा पंखा अडकला, कुणाच्या मोरीचं पाणी तुंबलं, की हे बाह्या सरसावून हजर. मोबदला काही नको, फक्त चार माणसांनी "वा मालोजी" म्हणावं. तेवढ्यावर त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

चामराजपेटहून ते रोज बसने शहराच्या टोकाला, पीण्या औद्योगिक वसाहतीत यायचे. तिथल्या एका लहान, लोखंडावर क्रोमचा मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगच्या कारखान्यात ते फोरमन होते. कारखान्याच्या भिंतीला लागूनच मथुराक्कांची खानावळ होती. नवरा गेल्यावर त्यांनी चार बाकं मांडून ती सुरू केली, आणि मागच्या विहिरीवर सगळं चालायचं. मुलूख कानडी, पण घरी दोघांचीही मराठीच. त्या मालोजींना अण्णा म्हणायच्या, मालोजी त्यांना अक्का. दोघांत मोठं कोण, हे कुणी विचारलंच नव्हतं. मालोजींना सख्खी बहीण नव्हती, त्यामुळे ही हाक त्यांनी फार मनावर घेतली होती.

शहाण्णव साली विहिरीने तळ गाठला. टँकरचं पाणी परवडेना. "खानावळ बंद करून गावाकडं जाते अण्णा," असं मथुराक्का म्हणाल्या आणि मालोजींची झोप उडाली. कारखान्यात एक बोअर बंद पडून होती. पावसाचं पाणी तिच्यात सोडलं तर जमिनीतून शेजारच्या विहिरीला पोचेल? मालक अप्पासाहेबांनी ओळखीचे एक इंजिनिअर आणले. त्यांनी आवारात फिरून ठणकावून सांगितलं, "छपराच्या पत्र्यावरचं पाणी खुशाल सोडा. जमिनीवरून वाहणारं एक थेंबही नको. इथं क्रोमचे ड्रम उभे आहेत, टाकीतून काढलेल्या रॅक ठिबकतात. हे पाळायचं नसेल तर बोअरला हात लावू नका."

"सरी सार, सरी सार," असं कानडीत "बरं साहेब" करत मालोजींनी मान डोलावली. नियम त्यांना पटलाही होता.

पण पत्र्यावरच्या पाण्याने विहीर जेमतेम ओली झाली. तिकडे आवारातलं पाणी लोंढ्याने गेटबाहेर जायचं आणि ते बघून मालोजींचा जीव तुटायचा. एका दुपारी त्यांनी पहार घेतली आणि आवारातून बोअरभोवतीच्या गाळणीच्या खड्ड्यापर्यंत चर खणला. खड्ड्यात खडी आहे, वाळू आहे, गाळून जाईल, अशी मनाची समजूत घातली. क्रोमचं पाणी फडक्यातून गाळलं तरी पिवळंच राहतं, हे त्यांनी स्वतःच्या हाताने शंभरदा पाहिलं होतं. इतका जाणता माणूस, पण शाबासकीची भूक लागली होती त्याला, दुसरं काय!

विहीर भरली. मथुराक्कांनी गंगापूजा केली, पाण्यात मूठभर हळद-कुंकू सोडलं, आणि पहिला पेला सगळ्यांदेखत मालोजींच्या हातात दिला. मालोजी तो गटागट प्यायले आणि आठवडाभर हवेत होते.

काही महिन्यांनी जेवणाच्या वेळी मथुराक्का पेला उजेडाला धरून हसल्या. "बघा की अण्णा, देवीची हळद अजून उतरली नाही."

मालोजींनी पेला हातात घेऊन निरखला. तो पिवळा रंग ते रोज कारखान्यात क्रोमच्या टाकीत बघत होते. बाकांवर माणसं दहीभात खात होती, प्रत्येकाच्या ताटाशी तेच पाणी होतं. "आज पोट बरं नाही," असं पुटपुटून ते उठले.

त्याच दिवशी त्यांनी चर सिमेंटने बुजवला आणि अप्पासाहेबांना सगळं सांगितलं. अप्पासाहेबांचा चेहरा उतरला. "बुजवलात ना? मग तोंड बंद ठेवा. बोभाटा झाला तर कारखान्याला टाळं लागेल."

आणि मालोजी गप्प बसले. घरून पाण्याची बाटली आणू लागले. स्वतःची तेवढी सोय केली, ही गोष्ट पुढे त्यांना जन्मभर खात राहिली.

मथुराक्कांच्या ती बाटली लक्षात आली. "आमचं पाणी गोड लागत नाही काय अण्णा?" त्यांनी हसून विचारलं आणि ताट ठेवायला हात पुढे केला. बोटांच्या बेचक्यांत जखमा होत्या. "भांडी घासून झालंय. स्वल्प हळद लावते, पण भरतच नाही."

मालोजींनी ताट बाजूला सारलं. ते उभे राहिले. "अक्का, पाण्यात हळद नाही. आमच्या टाकीचं विष आहे. कुणी पिऊ नका रे! मीच सोडलं ते, नको म्हणून सांगितलेलं असताना."

बाकांवरचे हात थांबले. मथुराक्कांनी एवढंच विचारलं, "कधीपासून ठाऊक?"

"तुम्ही पेला उजेडाला धरलात, त्या दिवसापासून."

"त्यानंतर रोज मी ह्या माणसांना तेच वाढलं."

विहिरीवर पत्रा ठोकला गेला. प्रदूषण बोर्डाची माणसं आली, कारखाना काही काळ बंद राहिला, ड्रम छपराखाली गेले. मालोजींची नोकरी गेली, त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. दुसरीकडे काम लागलं, तरी सकाळी ते खानावळीत यायचे आणि टँकरचं पाणी घागरींनी आत आणून ओतायचे. मथुराक्कांनी त्यांना अडवलं नाही. जखमा भरल्या, पण डाग राहिले.

घागरी रिकाम्या झाल्या की मथुराक्का चहाचा पेला बाकावर ठेवायच्या. मालोजी रोज त्या जुन्या हाकेसाठी कान टवकारून उभे राहायचे.

"घ्या सार," त्या म्हणायच्या आणि चुलीकडे वळायच्या.