सालईचा भुंगेरा

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आम्ही मेडशीच्या जंगल नाक्यावर राहायला आलो. माझे यजमान तिथे जंगल खात्यात कारकून होते. दुसरी लढाई सुरू व्हायला अजून तीन-चार वर्षं होती. नाक्यामागे लाकडाचा डेपो, त्यापलीकडे सालईचं रान. शेजार असा नव्हताच. दुपारभर मी कशिदा काढत बसायची.

एके दिवशी डेपोतला म्हातारा लाकूडतोड्या पळसाच्या पानात काहीतरी झाकून घेऊन आला. आत एक तपकिरी भुंगेरा होता, बोटाच्या पेराएवढा. मिशा मात्र अंगाच्या दीडपट. चिमटीत धरला की मान हलवून करकर आवाज करायचा.

"साहेबाईले असे किडे लागतेत म्हनून आनला," तो म्हणाला. "सालईच्या ओंडक्यातून निंगला."

साहेब म्हणजे आमचे रेंजर. पुण्याकडचे होते, आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्यांचा त्यांना नाद होता. भिंगातून ते बराच वेळ बघत राहिले. "हा माझ्या एकाही पुस्तकात नाही," म्हणाले. त्यांनी दूरच्या एका जाणकाराला पत्र घातलं. उत्तर आलं, आधी चित्र पाठवा.

यजमानांचं अक्षर वळणदार, म्हणून चित्राचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी काढलेला भुंगेरा खेकड्यासारखा दिसत होता.

"मले नाई जमत," त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तू कशिद्यात मोर काढतं. हा काय मोराहून अवघड हाय?"

मोराहून अवघडच होता. खिडकीशी बसून मी तीन दिवस भिंगातून बघत होते. एकेका मिशीचे सांधे मोजले, अकरा भरले. पंखांवर दोन फिकट ठिपके, मध्ये सोनेरी लव. आणि मिशीच्या तिसऱ्या सांध्याच्या टोकाला, आतल्या अंगाला, एक बारीकसा काटा. तो मी काढला. चित्र पाहून साहेबांनी पुन्हा भिंग डोळ्याला लावलं.

"हा काटा मला दिसलाच नव्हता," ते म्हणाले. त्या दिवशी भाकरी थापताना मी उगाच गुणगुणत होते.

मग माझ्याच हातून चूक झाली. भुंगेऱ्याची डबी मी खिडकीत ठेवली आणि विसरले. सकाळी पाहते तर मुंग्यांची रांग. आत दोन पंख आणि एक पाय उरला होता. मला रडू फुटलं.

"डबी मी ठेवली म्हनून सांगू," यजमान म्हणाले.

"नाई. मीच सांगन."

मी सांगितलं तेव्हा साहेबांनी उरलेले पंख भिंगाखाली धरले. मग म्हणाले, "चित्र आहे ना, मग सगळं गेलं नाही. पण नुसत्या चित्रावर नवी जात कुणी मानत नाही. किडा लागेल. मादीसुद्धा लागेल, आखूड मिशांची."

म्हाताऱ्याने उपाय काढला. सालीतून भुसा पडत असलेले सालईचे दोन ओंडके त्याने आमच्या ओसरीत आणून ठेवले. "आतमंदी अळ्या हायेत. जेठ सरता सरता निंगतीन. तवरोक थांबा लागते, बाई."

जेठ महिना नुकताच होऊन गेला होता. म्हणजे वर्षभर थांबणं आलं. मी जुनी मच्छरदाणी ओंडक्यांभोवती बांधली. नाक्यावर आलेले गाडीवान विचारायचे, "लाकडाले बी मच्छर चावतेत का?" मी हसून सोडून द्यायची. कान लावला की आत अळ्यांचं कुरतडणं ऐकू यायचं, आणि तेवढ्यावर मला धीर यायचा.

पुढच्या जेठात ओंडक्याला भोकं पडली. तीन नर बाहेर आले. मादी मात्र दिसेना. आठ दिवसांनी पाहते तर मच्छरदाणीला एक भुंगेरा बिलगून बसलेला, मिशा आखूड. भिंग यजमानांना धरायला लावलं आणि मी मोजू लागले. सांधे अकराच, पण काटा नव्हता. ती मादी होती. या खेपेला डबी ठेवलेल्या टेबलाचे चारही पाय मी पाण्याच्या वाट्यांत ठेवले.

किडे त्या जाणकाराकडे गेले, नवं चित्रही गेलं. वर्षाहून जास्त काळ गेला आणि एका दुपारी साहेब छापील कागद घेऊन आले. जात नवी ठरली होती. लॅटिन नाव सालईवरूनच दिलेलं होतं. ओसरीत बसून त्यांनी सगळं वर्णन आम्हाला मराठीत सांगितलं, लवेच्या रंगासकट. माझी दोन्ही चित्रं होती, नर आणि मादी. खाली बारीक अक्षरांत माझं नाव होतं. ते साहेबांनी आम्हाला न विचारताच कळवलं होतं. यजमान बोट ठेवून ते पुन्हा पुन्हा वाचत होते.

म्हातारा पायरीवर बसून ऐकत होता. "जेठात निंगते हे तं म्या सांगतलं होतं," तो म्हणाला.

"हो. ते तसंच छापलंय."

"कुठी?"

साहेबांनी ओळ दाखवली. त्याला वाचता येत नव्हतं. हात धोतराला पुसून त्याने त्या ओळीवरून बोट फिरवलं, अगदी हळू, शेवटच्या अक्षरापर्यंत.

मग उठता उठता मला म्हणाला, "बाई, तिकडं धावड्याच्या लाकडाच्या थप्पीतून बी भुसा पडून राह्यला. पाहाले येता का?"

मी भिंग घेतलं आणि त्याच्या मागे डेपोकडे निघाले.