गाळलेला हुंकार

काठमांडूजवळच्या पाटणमध्ये हेराशोभादिदींचं घर कुणी विचारलं, की लोक म्हणत, "ती इंटरनेटचे नियम करणारी ना?" आणि हसत. बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, बिनलग्नाची, आणि देशोदेशीच्या तज्ज्ञांशी पडद्यावरून भांडणारी. शेजारच्या भाउजू, म्हणजे वहिनी, तर तोंडावर म्हणत, "एवढं भांडायचं होतं तर नवरा केला असता. निदान समोर तरी बसला असता!"

"नवऱ्याने ऐकलं असतं याचा काय भरवसा?" दिदी म्हणायच्या. "हे लोक ऐकतात."

ऐकत होते, हे खरं. डोंगरातल्या गावांनी वर्गणी काढून स्वतःचं इंटरनेट उभारलं, तर त्यांच्याकडून बड्या कंपन्यांएवढं शुल्क घेऊ नका, असा धोशा त्यांनी वर्षानुवर्षं लावला होता. मी त्यांच्याकडे टिपणं काढायला म्हणून आले आणि तिथलीच झाले, त्यांची बहिनी, धाकटी बहीण.

इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आमच्या सभांमध्ये हात वर करून मत देत नाहीत. अध्यक्ष विचारतो, "कुणाला पटलं?" आणि पटलेली माणसं तोंड मिटून हुंकार देतात. कोण बडा, कोण किरकोळ, काही कळत नाही. हुंकार दणदणीत झाला की ठराव पास. पण दिदींना तो कधी ऐकूच आला नाही. दूरच्यांना सभा ऐकवणारी यंत्रणा सलग येणारा आवाज म्हणजे गोंगाट समजते आणि गाळून टाकते. भाषणं यायची, कुणाचं खोकणंसुद्धा यायचं, आणि नेमक्या त्या क्षणी चिडीचूप. मग दिदी मतासाठी एक बटण दाबायच्या.

"बटण दाबून का कुणी कुणाच्या सोबत असतं?" एकदा त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला चहा करायचं निमित्त काढून उठावं लागलं.

परदेशातल्या या सभांना जायचा प्रयत्न त्यांनी पुष्कळ केला. एकटी बाई, नावावर जमीन नाही. वकिलातीतली माणसं विचारत, परत कशावरून याल? "घरी आई आहे," दिदी सांगत. तरी व्हिसा मिळायचा नाही. आई गेल्यावर सांगायला तेवढंही उरलं नाही. माझा जळफळाट व्हायचा. जगाची दारं उघडण्याच्या गोष्टी करायच्या आणि माणसाला उंबऱ्यावर उभं करायचं!

आणि मग सभाच काठमांडूला आली. दिदी लाल काठाची काळी हाकुपटासी नेसून आल्या, सणाला नेसतात तशी.

"बहिनी, मी अगदी मध्ये बसणार. दोन्हीकडून ऐकू आलं पाहिजे. आणि माझाही आवाज त्यात जाऊ दे, मग मेले तरी चालेल."

"आधी ठराव पास होऊ दे, मग मरा," मी म्हटलं.

पण अध्यक्ष एस्को, फिनलंडचा गडी, आदल्या दिवशीच्या भोजात तिखट छोयला, भाजलेलं मसालेदार मांस, पुन्हा पुन्हा मागून बसला होता. सकाळी तो खोलीबाहेर येईना. अध्यक्ष नाही तर विषय पुढच्या वर्षावर, आणि पुढची सभा दिदींना व्हिसा नाकारणाऱ्या देशात. विषय मुळापासून ठाऊक असलेल्या एकट्या दिदीच, म्हणून अध्यक्ष व्हायला त्यांनाच विचारलं. ठराव त्यांच्या नावावर नव्हता, युगांडाच्या लोकांनी मांडलेला होता, त्यामुळे कुणी हरकतही घेतली नाही.

मी त्यांचा हात धरला. "दिदी, नाही म्हणा. अध्यक्षाने हुंकार द्यायचा नसतो, नुसता ऐकायचा असतो."

"माहीत आहे गं."

"मग?"

"मग गावांनी अजून थांबायचं?" हात सोडवून त्या व्यासपीठावर जाऊन बसल्या. मी शेजारी, टिपणवही घेऊन.

चर्चा झाली. दिदींनी विचारलं, "कुणाला पटलं?"

दालन भरून गेलं. पायाखालच्या फळ्यांतून तो आवाज माझ्या तळव्यांना लागला. मग त्यांनी विचारलं, "कुणाला पटलं नाही?" जेमतेम कुणी हूं केलं.

"ठराव पास झाला," त्या म्हणाल्या. टाळ्या सुरू होणार तोच त्यांनी हात वर केला. "माझी एक विनंती आहे. निर्णय झालेला आहे, तो बदलणार नाही. पण पहिला हुंकार पुन्हा एकदा द्याल का?"

लोक हसले. बुचकळ्यात पडले. पण दिला, आधीपेक्षा मोठा.

दिदींनी डोळे मिटून घेतले होते. ओठही मिटलेले होते, दालनातल्या सगळ्यांसारखेच. माझ्या अगदी शेजारून एक बारीक, थरथरता आवाज निघाला आणि त्या मोठ्या आवाजात शिरला, आणि मग मला तो वेगळा ऐकू येईना.