मेला, पण स्टेजवर नाही

"माणूस मेला आत, सर, आन् पब्लिक बाहेर वाट पाहून राहिली," देवराव म्हणाला. रात्रीचा प्रयोग संपून सकाळ झाली, तरी आंधळगावच्या मंडपामागे तो मेकअप न पुसता बसला होता.

देवराव पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकाचा दिग्दर्शक आणि नटही. मी कॉलेजात ग्रीक ट्रॅजेडी शिकवणारा प्राध्यापक. त्याच्या नाटकात थोरला भाऊ शेततळ्याच्या पाण्यावरून धाकट्याला मारतो. पवनीचं, नाटकं ठरवणारं मंडळ प्रयोग पाहायला येणार होतं. त्यांनी बुकिंग केलं तरच कंपनी हंगामभर टिकणार होती. म्हणून देवरावने मला तालमीला बोलावलं. ही त्याची चूक. मी गेलो, ही माझी.

"ग्रीक लोक स्टेजवर खून दाखवत नसत," मी सुनावलं. "दूत येऊन सांगायचा. तुमचं ते लाल रंगाचं प्रकरण हिडीस आहे."

"पण आपली पब्लिक, सर?"

"पब्लिकला घडवावं लागतं."

आम्ही प्राध्यापक अशी वाक्यं पंख्याखाली बसून बोलतो. देवरावने खून काढला. दूताचं लांबलचक भाषण मीच लिहून दिलं.

प्रयोगात दूताने तोंड उघडलं, तशी पुढे बसलेली आजी म्हणाली, "मेला म्हंते, मंग दाखोत काहून नाही?"

"मरायचा पगार वाचवला, आजी," मागून कोणीतरी म्हणालं. भावाच्या मरणावर सगळा मंडप हसला. पवनीचं मंडळ त्या हशातच उठलं.

एपिक म्हणजे सांगितलेली कथा, ट्रॅजेडी म्हणजे करून दाखवलेली. हा फरक मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. ग्रीक प्रेक्षकाला गोष्ट बहुधा आधीच ठाऊक असे, म्हणून त्याला दूत पुरत असे. आंधळगावचे लोक त्या धाकट्या भावाला पहिल्यांदाच भेटत होते. जीव जडला, तोच मी त्याला आत नेऊन मारला आणि वर भाषण ठोकलं.

"पवनीवाले काय म्हणाले?" मी त्या सकाळी मंडपामागे विचारलं.

"तारीख दुसऱ्या कंपनीले देल्ली."

"माझं चुकलं, देवराव."

"तुमचं कसं चुकन, सर? तुमी तं शिकलेले."

तो टोमणा असता तर बरं झालं असतं. त्याला ते खरंच वाटत होतं.

पुढच्या हंगामात त्याची कंपनी नव्हती. मी मात्र 'ग्रामीण रंगमंचावरील अभिजात प्रयोग' असा पेपर एका परिषदेत वाचला. प्रेक्षक हसले, हे त्यात नाही. प्रमोशनसाठी तो पेपर धरला गेला.

ट्रॅजेडीत ज्याची चूक, त्याचाच घात होतो, असं मी अजूनही वर्गात सांगतो. समीक्षकाला यातून सूट असते, हे सिलॅबसमध्ये नाही.