निळा धातू आणि खंडेनवमी

बारावीला मी गणितात आपटले आणि बाबा माझ्याशी बोलायचे थांबले. चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं. पण नाही. मी समोर बसलेली असताना ते आईला म्हणायचे, "तिला सांग, जेवून घे." मीही काही कमी हट्टी नव्हते, उत्तर आईमार्फतच द्यायचे. जूनपासून आमच्या पनवेलच्या दोन खोल्यांत आईचा नुसता पोस्टमन झाला होता.

त्या वर्षी बाबांच्या कळंबोलीच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला आणि जुना आमच्या घरी. त्यात कुणीतरी अंतराळाचा एक गेम टाकून ठेवला होता. यान घेऊन ग्रहांवर उतरायचं, खनिजं गोळा करायची, त्यातून यानाचे भाग बनवायचे. पृथ्वीवर परतायला मोठं इंजिन हवं आणि त्या इंजिनाला एक निळा धातू. तो मेला कुठे म्हणून मिळत नव्हता. मी दुपारच्या दुपार शोधत बसायचे.

बाबा लोखंडबाजारातले. भंगाराच्या ढिगातून तांबं नुसत्या नजरेनं हेरणारा माणूस. आठवडाभर ते पेपरच्या आडून बघत राहिले. एका संध्याकाळी मी यानातलं लोखंड टाकून देत होते, तेव्हा त्यांना राहवेना.

"अगं, लोखंड कुणी फेकतं का?"

चार महिन्यांत थेट मला म्हटलेलं ते पहिलं वाक्य. मी मान न वळवता म्हणाले, "जागा नाहीये." तर खुर्ची ओढून शेजारीच बसले.

मग रोज तेच. लोखंड टाकू द्यायचे नाहीत, त्यामुळे यान कायम गच्च आणि आम्ही कायम अडकलेले. मी वैतागायचे, ते हसायचे. त्यांचं ते हसणं मला फार हवं होतं, हे तेव्हा मी मेले तरी कबूल केलं नसतं. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी एका पिवळ्या, ओसाड ग्रहावर निळा धातू सापडला. बाबांनी स्वतःच्या हातानं सगळं लोखंड टाकलं आणि तो भरून घेतला. कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती म्हणून गेम फ्लॉपीवर सेव्ह केला.

दुसऱ्या दिवशी आईनं विळी, कात्री, बाबांचा मोजायचा टेप आणि कॉम्प्युटर, सगळ्यांची पूजा केली. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो, आम्हीही लावला नाही. दसऱ्याला सोनं वाटून आलो आणि फ्लॉपी आत घातली. करकर आवाज आला. बाहेर काढून बघितली तर तिच्या पत्र्याच्या झाकणाखाली हळदकुंकू आणि दोन अक्षता.

"सगळं त्या फ्लॉपीतच आहे म्हणालात ना," आई रडवेली होऊन म्हणाली, "म्हणून तिला जरा जास्तच लावलं."

मला फ्लॉपीचं काही नव्हतं. भीती वेगळीच होती. आता बाबा उठणार, पेपर उघडणार आणि पुन्हा 'तिला सांग' सुरू होणार.

बाबा उठले. फ्लॉपी सदऱ्याला पुसून त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली आणि परत येऊन खुर्चीत बसले.

"चल, पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला लोखंड कमी भरू." मग स्क्रीनकडेच बघत म्हणाले, "आणि मार्चचा फॉर्म भरलास का? गणिताला मी बसतो तुझ्याबरोबर."

मी सवयीनं आईकडे वळून म्हणाले, "नाही भरला अजून."

आई विळी उचलून आत जाता जाता म्हणाली, "मला नको सांगूस. त्यांना सांग."